कॅम्प दापोली : पेन्शनरांच्या एका गावाची हकीकत

सेवानिवृत्तीनंतर समुद्रकाठच्या एखाद्या उबदार गावी जाऊन उरलेले आयुष्य निवांत घालवावे, ही कल्पना पुण्यामुंबईच्या सुस्थित गृहस्थांना अलीकडेच सुचली असावी, असा समज कोकणातील घरबांधणीच्या जाहिराती वाचून सहज होतो. परंतु रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, समुद्रापासून दोन-अडीच कोसांवर, जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण सड्यावर वसलेले दापोली हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच पेन्शनरांचे गाव होऊन बसले होते, आणि आजही पत्त्यावर ‘कॅम्प दापोली’ असे लिहिणारी माणसे त्या इतिहासाचीच नकळत नोंद करीत असतात. या गावाची निवड निवृत्तांनी स्वतः केलेली नव्हती. ती त्यांच्यासाठी कंपनी सरकारने केली, आणि तीही निराळ्याच हेतूने. मात्र येथे येऊन स्थिर झाल्यावर या माणसांनी जे आरंभिले, ते सरकारच्या कोणत्याही हिशेबात बसलेले नव्हते. दापोलीच्या हकीकतीत मला खरा रस आहे तो त्या भागात.

म्हातारपण कोठे काढावे हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी फारसा कोणाला पडत नसे. शास्त्राने वानप्रस्थ सांगून ठेवला होता, श्रीमंताला काशीवास परवडत होता, आणि उरलेल्या सर्वांना आपापल्या घराची पडवी होती. लष्करी नोकरीपुरते बोलायचे तर मराठी राज्यात लढाईत कामास आलेल्या शिपायाच्या कच्च्याबच्च्यांना बालपरवेशी मिळे, एखाद्या मोठ्या पराक्रमाबद्दल इनाम जमीन मिळे, जखमी झालेल्याला जखमेच्या मानाने बक्षीस मिळे. पण ही सारी धन्याची मेहेरबानी असून ती त्याच्या मर्जीवर आणि खजिन्याच्या अवस्थेवर अवलंबून असे. ठरावीक वर्षे चाकरी केल्यावर ठरावीक रोकड रक्कम हयातीपर्यंत मिळत राहील आणि ती मागताना कोणाच्या पाया पडावे लागणार नाही, हा शिरस्ता आपल्या मुलखात रुजवला तो कंपनीच्या लष्कराने. त्यात दयाबुद्धीचा अंश थोडा होता. शिपायाने शत्रूच्या जास्त तलबेला भुलू नये, पलटण दूरदेशी न्यावयाची झाली तर त्याने कुरकुरू नये, आणि तो पेन्शनीत निघून गावी परतला म्हणजे त्याच्या अंगावरचा कोट आणि छातीवरचे पदक पाहून गावातील तरण्या पोरांनी आपण होऊन भरतीला यावे, असा त्यातला व्यवहार होता.

थकलेल्या शिपायांना एकत्र वसवण्याचे प्रयोग कंपनीने ठिकठिकाणी केले होते. बंगाल इलाख्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस भागलपूरच्या बाजूला निकामी झालेल्या शिपायांना पडीक जमिनी तोडून देऊन त्यांची ठाणी उभी करण्यात आली, आणि त्यांच्या हातून रान मोडून लागवड वाढावी असाही उद्देश त्यामागे होता. गोऱ्या सैनिकांपैकी जे लढण्याच्या उपयोगाचे राहिले नव्हते त्यांच्यासाठी गंगेकाठचा चुनार होता. मद्रास इलाख्याने त्याच कामासाठी पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणमची निवड केली होती. मुंबई इलाख्याच्या वाट्याला अशी जागा आली ती दापोलीची, आणि तिचा इतिहास थोडा मागून सांगितला पाहिजे.

१७५५ साली पेशवे आणि इंग्रज हे दोघे मिळून तुळाजी आंग्र्यावर उठले, कमोडोर जेम्स याने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला, आणि पुढच्याच वर्षी सावित्रीच्या मुखावरील बाणकोट कंपनीच्या ताब्यात जाऊन तेथील किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे परके नाव मिळाले. त्यानंतर साठ वर्षेपर्यंत कोकणपट्टीच्या या भागात इंग्रजांचा पाय तेवढ्याच जागेवर होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकणचा सगळा मुलूख कंपनीच्या अंमलाखाली आला, तेव्हा मुलकी कचेरी प्रथम बाणकोटास बसली व थोड्याच वर्षांत रत्नागिरीस हलली; परंतु लष्कराच्या छावणीसाठी साहेब लोकांनी किनाऱ्यावरचे एकही बंदर न निवडता वरचा हा सडा पसंत केला.

ही पसंती जाणकाराची होती. कोकणात सपाट जमीन दुर्मीळ; खाली आगरात नारळी-पोफळींची दाटी, वर डोंगरउतारावर वरकस जमीन आणि कातळ, आणि मधून मधून ओढ्याव्हाळांनी कापलेले खोलगट भाग, अशा या भूभागात पलटणीला कवाईत करता येईल एवढे मोकळे मैदान सापडणे हीच मोठी गोष्ट. दापोलीचा सडा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे फुटांवर आहे. त्यामुळे खाली मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर घामाच्या धारा लागलेल्या असतात तेव्हाही येथे दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याची झुळूक सुरू होते आणि रात्री पांघरूण घ्यावेसे वाटते. चिरा येथल्याच खाणीतून निघतो, त्यामुळे घर बांधण्याला दगड लांबून आणावा लागत नाही. विहीर मात्र त्याच जांभ्यातून खोल उतरवावी लागते आणि वैशाखात तिचा तळ दिसू लागतो. हर्णैचे बंदर जवळ असल्याने मुंबईहून दारूगोळा, धान्य, कापड आणि साहेबांचे मद्य गलबतांनी तेथपर्यंत येई आणि पुढे बैलांच्या पाठीवरून वर चढे. पावसाळ्याचे चार महिने मात्र समुद्र बंद. पागोळ्यांच्या पडद्यामागे बसून काढावयाच्या त्या चार महिन्यांबद्दल आजच्या जाहिरातींत एक अक्षरही नसते हे सहजच लक्षात आले म्हणून सांगतो. कोकणचे ऊन सर्वांनी पाहिलेले असते, कोकणचा श्रावण विकत घ्यायला कोणी येत नाही.

छावणीबरोबर तिचा सारा प्रपंच आला. बंगले झाले, बाजार झाला, देऊळ झाले, आणि अर्थातच दफनभूमी झाली. १८२३ साली स्कॉटलंडमधील मिशनरी मंडळींनी बाणकोटास ठाणे मांडले आणि पुढे ते हर्णैस आले. त्यांच्यापैकी डोनाल्ड मिचेल हा पहिला पाद्री येऊन वर्ष पुरे होण्याच्या आतच वारला. दापोलीच्या सड्यावरील जुन्या गोऱ्या थडग्यांकडे पाहिले म्हणजे हवा उत्तम म्हणून पारखून घेतलेली ही जागा परक्या देहांना कितपत मानवली असेल याविषयी शंका येते. हवापालटासाठी येणाऱ्या साहेबांचा ओघही फार काळ टिकला नाही, कारण १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरास वसाहत करविली आणि मुंबईच्या उच्चपदस्थांची पावले तिकडे वळली. दापोलीला त्यानंतरही कोणी मिनी महाबळेश्वर म्हणते, पण हा उसना मान तिला शोभत नाही. तिची प्रकृती निराळी, तिची वस्ती निराळी.

नियमित पलटणी यथाकाल येथून उठल्या आणि मागे राहिली ती व्हेटरन बटालियन. ज्या शिपायांना लांबच्या कूचकदमाची ताकद उरली नव्हती, परंतु जे अगदीच अंथरुणाला खिळले नव्हते, अशांना या बटालियनीत बदलून घेत आणि किल्ले, खजिने, तुरुंग यांच्या पहाऱ्यांचे हलके काम त्यांच्याकडे देत. थोडक्यात, नोकरी आणि निवृत्ती यांच्या मधली ती ओसरी होती. १८५७ च्या सुमारास ही बटालियनही मोडली. छावणीचे दप्तर तेथे संपले. परंतु ज्यांनी चिऱ्याची चार घरे बांधली होती, गडगे घालून परसात फणस-आंबे लावले होते, ज्यांच्या मुलींची लग्ने पलटणीतल्या सोबत्यांच्या मुलांशी झाली होती, ती माणसे छावणी उठली म्हणून उठून जाणार कोठे? ती राहिली, आणि त्यांच्या ओढीने पुढच्या पिढीतले निवृत्त शिपाई, जमादार, सुभेदार दापोलीस येऊन राहू लागले. फॅमिली माळ, लष्करवाडी ही नावे आजही तेथे चालू आहेत.

हे शिपाई मूळचे कोण? मुंबईचे लष्कर प्रारंभापासून कोकणावर पोसलेले होते. मराठे, मुसलमान, भंडारी यांच्या जोडीला त्यात महार मोठ्या संख्येने भरती होत, आणि लष्करी कागदांत त्यांना परवारी म्हणत. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला जी चकमक झाली, तिच्या स्मारकस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत नाक-प्रत्ययाची बावीस नावे आहेत, ती याच वर्गातील. मंडणगड, दापोली, खेड, महाड या टापूतील खेड्यांतून, जेथे जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार, तेथून पोरगा निघे, मुंबईस किंवा पुण्यास जाऊन पलटणीत नाव घाली आणि पंधरा-वीस वर्षे सिंध, एडन, इराण, अफगाणिस्तान असे जग पाहून परत येई. परत येताना त्याच्याजवळ तीन गोष्टी असत, आणि त्या तिन्ही त्याच्या गावातील कोणाही बलुतेदाराजवळ नसत.

पहिली गोष्ट रोकड. शिपायाचा पगार महिना सात रुपये असे आणि १८९५ पर्यंत तो तसाच राहिला. साध्या शिपायाची पेन्शन चार रुपयांच्या आसपास. चार रुपये ऐकून आज हसू येईल. पण महारकीच्या वतनावर जगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात रुपया क्वचितच येई. त्याला मिळे ते सुगीतले बलुते, शिळे अन्न, मेलेल्या जनावराचे कातडे, आणि त्या मोबदल्यात सरकारी बोजे वाहणे, वेशीची राखण, मौतीचा सांगावा घेऊन दहा-दहा कोस पायपीट, असे न संपणारे काम. पाटलाने बोलावले की उठायचे. पेन्शनराला उठावे लागत नसे. त्याचा अन्नदाता गावात नव्हताच. तो दूर खजिन्यात होता, आणि त्या खजिन्याला त्याच्या जातीशी कर्तव्य नसून त्याच्या कागदाशी होते. पेन्शनपत्रकावर नाव, बापाचे नाव, गाव, उंची, देवीचे व्रण किंवा जखमेची खूण असे सारे वर्णन उतरलेले असे, आणि कचेरीतला कारकून ते वाचून समोरच्या म्हाताऱ्याच्या अंगावर पडताळून पाही. ज्याच्या सावलीला एरवी त्याच गावचा दुकानदार जपत असे, त्याच्या दंडावरचा गोळीचा डाग या कारकुनाला डोळे बारीक करून शोधावा लागत असे, यातील विनोद त्या काळीही कोणाच्या ध्यानात आला नसेल असे नाही.

दुसरी गोष्ट अक्षरओळख. पलटणीच्या शाळा असत आणि तेथे शिपायांच्या मुलामुलींनाही शिकवीत. खेड्यातल्या शाळेचा उंबरा ज्यांना बंद, त्यांची मुले छावणीत मोडी-बाळबोध वाचू लागली. तिसरी गोष्ट या दोहोंहून सूक्ष्म आहे. वीस वर्षे हुकूम, रपोट, अर्ज, चौकशी, निकाल या चाकोरीत वावरलेल्या माणसाला एक पक्की सवय लागते : अन्याय झाला तर तो कोणाकडे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या दर्जाच्या कागदावर मांडावा हे त्याला कळते. गावगाड्यातल्या माणसाची तक्रार शिमग्याच्या शिव्यांत किंवा देवीच्या अंगात येण्यात विरून जाई. पेन्शनराची तक्रार अर्ज होऊन कचेरीत पडे.

निवृत्तांच्या वसाहतीचे हे लक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. असा एकटादुकटा माणूस खेड्यात गेला असता तर त्याला गावाने हळूहळू पुन्हा आपल्या जागेवर बसवले असते, त्याचा कोट खुंटीला लागला असता आणि त्याच्या मुलाच्या हाती घुंगुरकाठी आली असती. दापोलीस असे पुष्कळ होते. एकमेकांचा हुद्दा जाणणारे, एकमेकांना सुभेदारसाहेब, हवालदारसाहेब म्हणणारे, सकाळी उद्योग नसलेले, वर्तमानपत्र वाचणारे. सरकारने त्यांना एका जागी स्वस्थ बसवले ते त्यांनी स्वस्थ बसावे म्हणून, आणि झाले उलटेच.

दापोलीची दुसरी प्रतिष्ठा याच सुमारास वाढत होती. १८७८ मध्ये मिशनची इंग्रजी शाळा सुरू झाली. पुढे तिला आल्फ्रेड गॅडनी यांचे नाव मिळाले. या शाळेच्या आणि या तालुक्याच्या पुण्याईने पांडुरंग वामन काणे येथे शिकले, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे येथूनच जगापुढे गेले, आणि पालगडच्या साने गुरुजींनीही येथलेच बाक झिजवले. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे : परीक्षेला बसण्यासाठी ते सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. ही सगळी नावे दापोलीच्या अभिमानाची म्हणून नेहमी सांगितली जातात आणि ती सांगितली जावीत. पण त्याच गावात, त्याच दशकांत, शाळेच्या दाराशी दुसरी एक मिरवणूक अडून राहिलेली होती, तिची आठवण त्या मानाने कमी निघते.

१८९२ च्या सुमारास दापोलीतील महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे अशी रीतसर मागणी केली. सरकारी पैशावर चाललेल्या शाळेत कोणालाही जातीमुळे अडवू नये असे सरकारचे धोरण कागदावर होते, आणि कागद वाचता येणारी माणसे येथे होती हीच अडचण झाली. स्थानिक पुढाऱ्यांनी मध्यम मार्ग म्हणून जो तोडगा काढला तो असा की मुलांनी शाळेत यावे, परंतु वर्गात न बसता व्हरांड्यात बसावे. कोकणात व्हरांडा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आषाढातला त्याचा अर्थ सांगावयास नको. ज्यांच्या बापांनी काबूल-कंदाहारपर्यंत सरकारचे निशाण वाहिले त्यांच्या पाट्या पावसाच्या झडीने पुसल्या जाव्यात, आणि हे उदारपणाचे लक्षण समजले जावे, असा तो काळ.

या पेन्शनरांत गोपाळबाबा वलंगकर होते. मूळ गाव महाडजवळचे रावढळ. लष्करातून १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता, ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून ते लिहीत, आणि १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराविषयी उच्चवर्णीयांना जाहीरपणे प्रश्न विचारणारी पुस्तिका छापून काढली. त्यांनी स्थापिलेल्या मंडळीचे नाव ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ असे होते. आपल्याच लोकांत त्यांनी मृत मांस सोडण्याचा प्रचार केला आणि सरकारकडे अर्जही केले. १८९४ चा त्यांचा अर्ज सैन्यभरतीविषयी होता, कारण याच सुमारास महारांची भरती बंद करण्याचे धोरण लष्कराने धरले होते. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १९०० साली ते वारले. पेन्शन घेऊन उन्हात पाय पसरून बसण्याचा अधिकार ज्याने पुरेपूर कमावला होता, त्या माणसाची निवृत्तीची चौदा वर्षे अशी गेली.

आणि रामजी मालोजी सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे हे घराणे पलटणीतले. रामजी स्वतः लष्करी शाळेत हेडमास्तर होते, सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले होते, आणि महू येथे नोकरी संपल्यावर, १८९४ च्या आसपास, कुटुंबासह दापोलीस आले. धाकटा मुलगा भीमराव त्या वेळी तीनेक वर्षांचा. निवृत्त माणसाने गाव निवडताना जे जे पाहावे ते सर्व येथे होते : मूळ गाव जवळ, हवा चांगली, पेन्शनीची सोय, सोबतीला पलटणीतील ओळखीचे लोक, इंग्रजी शाळाही हाकेच्या अंतरावर. तरी हे कुटुंब येथे दोन वर्षांहून फारसे टिकले नाही. संसार मोठा होता, मुलांचे शिक्षण पुढे होते, आणि रामजींनी साताऱ्याकडे पुन्हा नोकरी धरून दापोली सोडली. त्या मुलाने पुढे काय केले ते सर्वश्रुत आहे. याच टापूत, दापोलीपासून जवळ वणंद गावी, पुढे भीमरावांच्या पत्नी झालेल्या रमाबाईंचे वडील दाभोळ बंदरावरून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून आणण्याची मजुरी करीत असत. पेन्शन नसलेल्या घराची स्थिती काय होती हे त्या एका गोष्टीवरून कळते, आणि सुभेदाराच्या घरातील चार पुस्तकांचे मोलही.

महारांची भरती बंद झाली ती लढाऊ आणि बिनलढाऊ जाती अशी नवी प्रतवारी लष्करी अंमलदारांनी मनाशी पक्की केली म्हणून. पंजाबकडील जवान उत्तम, कोकणातला महार अपात्र, असे ज्यांनी ठरवले त्यांच्याच पूर्वसूरींनी शंभर वर्षे त्याच महारांकरवी मुलूख जिंकला होता. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडलीही. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात दापोलीच्या सड्यावर नव्या पेन्शनरांचा ओघ आटला. त्यांची जागा गिरणीकामगाराच्या मनिऑर्डरीने घेतली. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला बोटीने हर्णैस उतरे. बोट दूर समुद्रात उभी राही, पडावातून किनाऱ्यापर्यंत यायचे आणि शेवटचे काही हात अंतर खलाशाच्या खांद्यावरून. साठीनंतर तोही गावीच परते, पण त्याच्यासाठी कोणी हवेची जागा निवडून ठेवलेली नव्हती आणि दरमहा कागद पडताळून रोकड मोजणारा खजिनाही नव्हता. तो परते तो मुलांच्या आणि भाताच्या भरवशावर.

१९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ दापोलीस आले आणि गावात पुन्हा एकदा पगारदार, आणि कालांतराने पेन्शनर, मंडळींची भर पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तेव्हा खेडचे स्थानक तासाभराच्या अंतरावर आले, आणि त्यानंतर कर्दे, मुरुड, लाडघर, आंजर्ले येथल्या जमिनींकडे घाटावरच्या निवृत्तांचे डोळे लागले. मात्र आपण जागा निवडतो असे या नव्या मंडळींना वाटत असले तरी ती निवड पुष्कळशी कायद्यानेच आधी करून ठेवलेली असते. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, म्हणून सात-बाऱ्यावर नाव लागण्यासाठी शेतकरी दाखल्याची धावपळ करावी लागते किंवा बिनशेती झालेला एन.ए. प्लॉट शोधावा लागतो; १९९१ च्या आणि तिच्या जागी पुढे आलेल्या किनारा नियमन अधिसूचनांनी भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध घातले आहेत, म्हणून ज्या खिडकीतून समुद्र दिसावा अशी इच्छा असते ती खिडकी बहुधा वरच्या सड्यावर, म्हणजे कंपनीच्या साहेबांनी पसंत केलेल्या उंचीवरच, जाऊन बसते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला भिडले तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली, आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज आली नाही. तरीही जमिनीच्या दलालापुढे येणारा निवृत्त गृहस्थ प्रथम समुद्र दिसतो का एवढेच विचारतो. गावातली जुनी माणसे त्याला वेगळे प्रश्न सुचवतात : मे महिन्यात विहिरीला किती हात पाणी असते, रात्री अपरात्री दवाखान्यापर्यंत गाडी मिळेल का, छप्पर कौलारू की पत्र्याचे, बाकीचे प्लॉट कोणी घेतले आहेत, आणि त्यांपैकी आगोट लागल्यावरही जे येथेच राहणार आहेत असे किती.